आठ आणि चार

कॅनडा कॉर्नरचं तळघर, गाळा क्रमांक एकोणीस.
खैरनार मॅडमचा लॅपटॉप टेबलावर पालथा,
अकरा स्क्रू चहाच्या बशीत.
"प्लॉटचे नकाशे उघडले की दम लागतो त्याला.
खर्च सांगण्याआधी फरक दाखवा."

म्हणून ही वही.

खोडरबरानं पट्टीचे सोनेरी दात घासते,
तिरकी धरून खाचेत सरकवते, अंगठ्यानं दाबते. टक.
एका खाचेत आठ जीबी. दुसरी रिकामी.
चाचणीला तीच जुनी फाइल,
दुकानाच्या उद्घाटनाचा व्हिडिओ:
अहिरे उंबऱ्यावर नारळ फोडतोय
आणि नारळ फुटत नाहीये.
ती एका साच्यातून दुसऱ्यात ओतायला
सहा मिनिटं बावन्न सेकंद.
पंखा कसारा घाट चढणाऱ्या ट्रकसारखा.

आता चार आणि चार.
बेरीज तीच. मी काहीच वाढवलेलं नाही.
पाच एकतीस.
"गोणी तेवढीच, मॅडम,
पण दोन टोकांना दोघं..."
"कळलं," त्या म्हणाल्या, "लासलगावची आहे मी."

मग आठ आणि चार.
बारा होतात म्हणून गिऱ्हाईक खूश.
यंत्र मात्र आपल्या हिशेबानं चालतं:
आठातले चार त्या चारांसोबत जोडीनं धावतात,
उरलेले चार एकटे.
पाच चौतीस.

अहिरे नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीत होता.
त्याला बोलता यायचं, मला डाग देता यायचा.
त्याचा हात थरथरायचा,
माझं तोंड उघडायचं नाही.
मार्चमध्ये त्यानं सटाण्याला स्वतःचं दुकान टाकलं.
भांडण नाही, हिशेब पैशापर्यंत चुकता.
रविवारी फोन येतो, "काय करी राहिनी?"
मी म्हणते, काम.

प्रत्येक जोडणी तीनदा तपासायची, हा त्याचाच नियम.
पाचव्या फेरीत बत्ती गेली.
बॅटरी काढून ठेवलेली. सगळं पुसलं.
या मेमरीचं असंच,
वीज आहे तोवर सगळं तोंडपाठ.
पुन्हा पहिल्यापासून.

कोपऱ्यातल्या चौकटीत चित्र सरकत राहतं.
सातव्या वेळी दिसलं:
दुसरा फटका वाया गेल्यावर
तो मान वळवून हसतो, थेट इकडे बघून.
एवढी वर्षं मी फक्त सेकंद बघत होते.
कॅमेरा माझ्या हातात होता.

मॅडमनी पर्समधून चारची पट्टी काढली,
मुलाच्या जुन्या लॅपटॉपची, रुमालात गुंडाळलेली.
"हीच लावा. नवी नको."
कंपनी वेगळी, पण वेग जुळला.
बसवली. टक.

स्क्रू दहाच सापडले.
अकरावा बशीखाली निघाला.

शेवटची एक फेरी, माझ्यासाठी.
नारळ तिसऱ्याच फटक्याला फुटतो,
फक्त तिथवर आता
लवकर पोचतो.