कथील नको

आजोबांच्या खोकल्यात अजून कथील आहे.
डॉक्टर म्हणतात, दगडाची धूळ.
आजोबा म्हणतात, कथीलच.
सेंट जस्टच्या खाणीत एकवीस वर्षं,
समुद्राच्या तळाखाली,
डोक्यावर लाटा गोटे लोळवायच्या
आणि ते पेस्टीची कड टाकून द्यायचे,
बोटांचं विष पोटात जायला नको म्हणून.

मी त्यांची नात, केरेन्सा,
आणि माझं काम असं, की कथील लागूच नये.

पॉलिएस्टर करायचं तर कडीत कडी अडकवणारं कुणी लागतं.
ते काम आजवर कथलानं केलं, निमूटपणे,
आणि झाल्यावर थोडं तिथेच राहिलं,
जेवून गेलेला पाहुणा चप्पल विसरतो तसं.

म्हणून मी लोखंड घेते.
कुठेही मिळतं ते:
बंदरातल्या कुजक्या बोटीत, आजोबांच्या फाटकात,
माझ्या रक्तातसुद्धा.
आणि कुठेही मिळतं त्याला किंमत नसते,
हे एक्सेटरच्या बैठकीत मला तीनदा सांगितलं गेलं,
अतिशय सभ्यपणे.

फेब्रुवारीत हातमोज्याला सुईएवढं भोक.
पेटीत हवा शिरली
आणि लिंबाच्या सालीसारखं पिवळं माझं लोखंड
सकाळपर्यंत तपकिरी.
सात आठवड्यांचं काम.
मी जिन्यात बसून चहा प्यायले, बिटाची साखर घालून.
लॅक्टाइडही बिटाचंच. चुलत भावंडं.

मग एका मंगळवारी,
एकशे तीस अंशांवर, तेलाच्या भांड्यात,
वितळलेली खडीसाखर म्हणावं असं काहीतरी
आणि तळाशी गरगरणारी चुंबकाची गोळी.
चौदाव्या मिनिटाला ती मंदावली.
वाटलं, यंत्र बिघडलं.
चाळिसाव्याला थांबली,
मधात रुतलेल्या माशीसारखी;
खालची चकती मात्र फिरतच होती.
बिघडलं नव्हतं. घट्ट झालं होतं.

परीस लोखंडाला लागतो, ही गोष्ट सगळ्यांना पाठ.
इथे लोखंडच लागलं होतं,
आणि सोनं कुणाला नकोच होतं.

काचेची कांडी बुडवून ओढली तर तार आली,
हातभर, मग खोलीभर,
डिगरी टोक धरून मागे मागे सरकत
दारातून बाहेर गेला, हसत.

रविवारी ती आजोबांना दिली.
त्यांनी बोटांना गुंडाळली, दातांनी ओढली.
तुटली.
"ठिसूळ आहे."
आहे.
"यात कथील किती?"
अजिबात नाही.

ते खिडकीबाहेर बघत राहिले,
धुराड्याचा बुंधा, त्यात डोमकावळे.
मग आम्ही खाली काय करत होतो,
असं ते म्हणाले नाहीत.
म्हणाले, "आणि फेकून दिल्यावर?"
पुन्हा सोडवता येते, कडी कडी.
बहुतेक त्याच लोखंडानं. अजून करून पाहिलं नाही.
"म्हणजे खाण परत भरायची," ते म्हणाले,
"ते आम्हाला कुणी शिकवलं नाही."

तुटके तुकडे त्यांनी तंबाखूच्या डबीत ठेवले,
जुनी डबी, आत लोखंडाचा पत्रा, वर कथलाचा मुलामा,
कोपऱ्यात उडालेला.
झाकण लागेना.
ते अंगठ्यानं दाबत राहिले.