रकाना क्रमांक सात

पेठच्या पुढे, घाट उतरल्यावर,
मी खुंट मोजते.
वीस मीटर बाय वीस मीटर, चार कोपऱ्यांना पिवळी दोरी.
जे उभं आहे त्याचा घेर छातीच्या उंचीवर,
जे उभं नाही त्याचा
वाकून, जमेल तसा.

साग अकरा. खैर चार, चारही गेलेले.
सादडा एक, राबासाठी छाटून छाटून
मुठीसारखा झालेला.
बिब्बा, धामण,
आणि एक खुंट ज्याची ढलपी हुंगून
पवळीबाई गांगोडे सांगतात : हेदू.
मी लिहिते, हेदू. पुढे प्रश्नचिन्ह.
मग प्रश्नचिन्ह खोडते.

प्रपत्रात सातवा रकाना कारणाचा.
शेती, सरपण, चराई, वणवा, इतर.
एकाच पर्यायावर खूण करावी,
असं खाली बारीक अक्षरात मीच छापलंय,
नाशकात, पंख्याखाली बसून.

पवळीबाई खुंटाखुंटावर टेकत चालतात,
नातेवाइकांकडे थांबत थांबत जावं तशा.
"हा सासऱ्यानं पाडला, आढ्याला.
हा सायबाच्या पलंगाला, तेव्हाच्या सायबाच्या.
खैर रातचे गेले. करवतीला तेल लावून आलते,
कुत्रं भुंकलं नाही."
धामणीपाशी जरा थांबतात.
"ही मी. लेक बाळंत झाली तेव्हा, शेकाला.
पावसानं बाकी सगळं वलं होतं."
माझी पेन्सिल सरपणावर जाते
आणि तिथंच उभी राहते.

सागाच्या खुंटावर पाणी शिंपडलं
की कडी वर येतात.
सालीकडून आत मोजत गेलं की सापडतं
बहात्तरचं कडं, केसाइतकं बारीक.
पण त्याच्या बाहेर, काही वर्षांनी,
एकदम रुंद, बोटभर.
पाऊस तितका नव्हता तेव्हा; नोंदी आहेत माझ्याकडे.
शेजारचा पडला असणार. ऊन मोकळं झालं असणार.
एकाचं जाणं
दुसऱ्याच्या अंगात बाळसं म्हणून लिहिलेलं.
हे कुठल्या रकान्यात?

परिणामांसाठी दोन पानं सोडलीत.
पवळीबाई म्हणतात, झिरा पूर्वी होळीपर्यंत यायचा,
आता संक्रांतीलाच खडक दिसतो.
म्हणतात, नात शेवळं ओळखते, कोळू ओळखत नाही.
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"सावलीत बोलायची सवय मोडली बघ.
उन्हात माणूस कामापुरतंच बोलतं."
हे मी उतरवून घेते.
एककाची जागा रिकामी राहते.

उपग्रहाचं म्हणणं वेगळं आहे.
त्याच्या मते इथलं हिरवं दोन टक्क्यांनी वाढलंय.
त्याला कलमी आंबा आणि ऐन एकच दिसतात,
काजू आणि किंजळ एकच.
इतक्या उंचावरून
मलाही दिसले असते.

शनिवारी नाशकात, मावसबहिणीचा साखरपुडा.
रविवार कारंजाहून खास मागवलेले विडे.
काकू माझी हनुवटी धरून म्हणाली,
बघू, जीभ काढ.
अगं बाई, काय रंगलाय!
नवरा जीव लावणारा मिळणार हो.
सगळ्या हसल्या. मीही.
मग बेसिनपाशी, आरशात,
ते तांबडं नीट पाहिलं.
खैर चार. चारही गेलेले.
तीनदा चूळ भरली.
कात लवकर जात नाही.

सोमवारी परत उतारावर.
पवळीबाईंनी विचारलं, लिहिलं का काय ते?
सातव्या रकान्यात, इतर, त्यापुढच्या टिंबांवर
मी शनिवारची तारीख घातली होती,
आणि माझं नाव. आडनावासकट.
त्यांना वाचून दाखवलं.
त्या काही म्हणाल्या नाहीत,
दोरीचं दुसरं टोक उचलून
वरच्या कोपऱ्याकडे चालू लागल्या.

प्लॉट दोन.
साग सहा.