जोडीदार

प्रश्न सतरावा: दिवसाला किती पेले?
गुल्व्हेन म्हणतो, पेले नाही, वाडगे.
ब्रिटनीत सायडर वाडग्यातून पितात, एवढं तरी
रेनच्या डॉक्टरांना ठाऊक असायला हवं.

मी पिशवीतून मोजपात्र काढते.
त्याचा वाडगा नळाखाली काठोकाठ भरून
पात्रात ओतते. दोनशे ऐंशी.
तो बघत राहतो.
बेचाळीस वर्षांत त्या वाडग्यात
पाणी पडलेलं हे पहिल्यांदाच.

दूध काढायच्या आधी एक. दूध काढून झालं की
"तो धरायचा नाही, तो न्याहारीतला."
मी धरते.
सफरचंदाची कडक दारू फक्त सणाला.
सण वर्षाकाठी किती?
"शेजारी आला की सण."

तंबाखू हातानं वळलेली. पुडा चार दिवस पुरतो,
लग्नाआधी तीन, फौजेत दोन.
पहिली अकराव्या वर्षी.
चोरून?
"चोरून कशाला? बापानं दिली, गवत कापून झाल्यावर."

मग तो विचारतो, मलाच का निवडलं?
मी छापील उत्तर वाचते:
तुमच्याच वयाचे, याच भागातले एक गृहस्थ आजारी आहेत.
अन्ननलिका. तुलनेसाठी त्यांच्या जोडीला
एक निरोगी माणूस लागतो.
नाव सांगता येत नाही.

कागद वळता वळता त्याची बोटं थांबतात.
"माथ्युरँ.
फेब्रुवारीपासून पाव भिजवून खातोय. आता तोही उतरत नाही.
एका बाकावर बसायचो आम्ही, एकाच पिंपाशी.
एका काडीत दोघांच्या पेटायच्या.
मग त्याला का? मला का नाही?"

याला माझ्याकडे रकाना नाही.
सांगता आलं असतं, की धूर आणि दारू
यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.
पण तो गुणाकार जिल्ह्याचा येतो.
हजार वाडगे मोजून झाले
की किती जण ते मला कळेल.
कोण, ते नाही.

बाहेर गाय हंबरते. तो उठत नाही.
न पेटवलेली सिगरेट कानामागे खोचतो,
वाडगा सदऱ्याला पुसतो, टेबलावर पालथा घालतो.
"पुढचं विचारा."

प्रश्न अठरावा: यातलं काही कधी सोडलंत का?
सोडलं असल्यास, तारीख.

"आज काय तारीख?"

मी सांगते.
मग पेन ठेवून देते,
पिशवीत पेन्सिल शोधते.