सतरा वेळा

हिशेब विचारतोयस, तर लिहून घे, पोरा.
थॅडियस पेटवे. वजन दोनशे चार पौंड,
तेही जेवलेला असेल तर.
उजवा हात बरा.
डाव्याबद्दल माझी बरगडी सांगेल,
तळ्यावरून वारा सुटला की अजून बोलते ती.

आम्ही सतरा वेळा लढलो, एकमेकांशीच.
टोलिडो, एक्रन, बफेलो, पुन्हा टोलिडो,
एकदा टॅम्पाला तंबाखूच्या गोदामात,
तिथला पंच इतका प्यायलेला
की मोजताना सहानंतर आठ म्हणाला.
सतरा का, विचार ना.
गोरे आमच्याशी लढत नसत.
तशी पाटी कुठे लावलेली नव्हती,
फक्त फोन वाजत नसे.
विजेत्याचा मॅनेजर म्हणायचा, पुढच्या वसंतात नक्की.
असे बारा वसंत मोजले आम्ही.
तोवर दोघं मिळून एकच मारामारी
गावोगाव विकत हिंडलो,
फेरीवाला दारोदार तोच गालिचा उलगडतो तशी.

इंजिनामागचा डबा आमचा. कोळशाची राख,
आणि अर्झुलानं नवऱ्याला बांधून दिलेली उकडलेली अंडी.
रात्री मी त्याचं नाक फोडायचो
आणि पहाटे त्याच्याच रुमालातलं अंडं सोलायचो.
मीठ तो द्यायचा.

पाठीवर मारावं, पोटावर मारू नये म्हणतात.
रिंगमध्ये उलट असतं. पाठीवर मारलं तर गुण कापतात,
पोट उघडं, हवं तितकं मार.
थॅडियसच्या पोटाने माझे सगळे ठोसे पचवले.
जो एक पचला नाही, तो मिस्टर हॅगर्टीनं मारला,
ऑफिसात बसून, लेखणीनं:
शंभरातले साठ त्याचे, वर हॉटेलचा खर्च,
ज्या हॉटेलात आम्हाला पायरी चढू देत नव्हते.

अठ्ठावीस साली विजेत्याच्या सरावासाठी
त्याला भाड्यानं नेलं. ताकीद होती: हळू.
तिसऱ्या फेरीत डावा गेला, सवयीनं गेला.
विजेता खाली बसला.
पडला नाही, बसला, असं त्यांचं म्हणणं.
पत्रकार तेव्हा जेवायला गेले होते,
परत आले तोवर फाटक बंद
आणि थॅडियस स्टेशनवर, खिशात अकरा डॉलर.
ते कुठे लिहिशील?
तुझ्या वहीत तो रकाना नाही.

आता चौदावी.
ती मला सांगायची नव्हती.
माझ्या अंगठ्याची शिवण उसवली होती, मला माहीत होतं,
घाई होती, कोपऱ्यात कोणी पाहिलं नाही,
आणि ती त्याच्या उजव्या डोळ्यात गेली.
आधी धुकं, मग काळं.
डोळा गेला कळलं असतं तर परवाना गेला असता,
म्हणून डॉक्टरच्या तक्त्यावरची अक्षरं
मीच त्याच्याकडून पाठ करून घेतली,
गाडीत, बाराखडीसारखी,
खालची ओळ वरच्यापेक्षा हळू म्हणायची,
म्हणजे खरं वाटतं.

पुढच्या तिन्ही लढतींत
मी त्याच्या दिसत्या बाजूनेच गेलो.
लोक ओरडले, आमचेच लोक, वरच्या सज्जातले,
नाच करता का रे, पैसे परत द्या.
सोळाव्याला कोणी संत्र्याची साल मारली.
थॅडियसनं काही विचारलं नाही.
सतराव्यानंतर बाकावर पट्ट्या सोडताना एवढंच म्हणाला,
तू फार संथ झालास, क्लेम.
आणि हसला, त्या बाजूचे दात नव्हते.

पुढे ओतशाळेत झाडू मारायचा.
मी खांदा दिला, डावीकडून.

सतरावीत त्याने मला दोनदा पाडलं होतं.
पंचानं हात माझा वर केला,
पैजा माझ्यावर लागल्या होत्या म्हणून.
मी तो हात खाली घेतला नाही.
बघ जरा, तुझ्या त्या जाड पुस्तकात
सतराव्या ओळीला विजयी म्हणून माझं नाव असेल.
शाईनं छापलंय?

असू दे.
पेन्सिल आहे ना तुझ्याजवळ?
बाजूला लिही.