पांढरं, लाल शाईने

फॉर्मवर छापलेला घोडा कोराच असतो.
डावी बाजू, उजवी बाजू, तोंड समोरून,
चार पाय गुडघ्याखालचे, मागून पाहिल्यासारखे.
नियम असा की अंगावर जे जे पांढरं असेल
ते कागदावर लाल शाईने काढायचं.
भोवरे काळ्या फुलीने.
अकरा वर्षं मी हेच करतेय, या खोऱ्यातली शेतं पालथी घालत,
तरी लाल पेनाचं टोपण काढताना दर वेळी वाटतं,
कुणाची तरी जखम मांडून ठेवतेय.

ग्राउहोलला एविंदूर फाटकातच उभा होता,
स्वेटरच्या कोपरांना घोड्यांचे केस.
"चार आहेत," म्हणाला. "तीन सोपे."

पहिला मुश्की. औषधालाही पांढरा केस नाही.
आम्ही आइसलँडचे लोक अशा काळ्याला तपकिरी म्हणतो,
परदेशी गिऱ्हाइकं हसतात.
हसू देत. जुना शब्द आहे, कुठंतरी वाट चुकला असेल.

दुसरी लाल, आयाळ मात्र वाळल्या गवताची,
कपाळावर चांदणी, डावीकडे कललेली,
घाईत घातलेल्या टोपीसारखी.

तिसरा कुमैत, मागच्या दोन्ही पायांत मोजे,
एक नीट, एक घोट्यावर घसरलेला.
वरच्या ओठावर गुलाबी ठिपका.
"दूध पिऊन तोंड पुसत नाही," एविंदूर म्हणाला.
मी ठिपका काढला. दूध लिहायला रकाना नाही.

चौथी ब्लिका.
रंगाच्या रकान्यावर पेन टेकवलं
आणि तसंच राहिलं.

"आज करडी दिसते," मी म्हटलं, "डोकं आणि पाय काळे."
"आज," तो म्हणाला.
"जूनमध्ये आली असतीस तर
पिठाच्या पोत्याला अंग घासून आल्यासारखी.
नाताळात बघ, काळी कुळकुळीत,
बर्फाला भोक पडावं तशी.
सप्टेंबरात आपण सगळेच अधलेमधले."

शब्द आहे आमच्याकडे तिच्यासाठी,
रंगांच्या गावाहून गावाला जाणारी, असा काहीसा.
पण कागद जाणार बेल्जियमला.
तिथला माणूस एकदा कागद बघेल, एकदा घोडी,
आणि म्हणेल, ही ती नव्हेच.

बेटाबाहेर गेलेला घोडा परत आणता येत नाही.
कायदाच आहे, आणि चांगला आहे,
बाहेरचा रोग आत येऊ नये म्हणून.
हे त्याला मी सांगायची गरज नव्हती.
तो तिच्या मानेवरची आयाळ उचलून उभा होता,
खाली दोन भोवरे, एकमेकांकडे पाठ केलेले.
मी दोन फुल्या मारल्या.

"तिथं थंडी कमी," तो म्हणाला. "तिथं बदलेल का ती?"
"थंडीवर नसतं ते. उजेडावर असतं.
उजेड तिथंही कमी-जास्त होतो."
"किती?"
मी खोटं बोलणार होते.
"इथल्याइतका नाही."

त्याने मान हलवली, जशी भाव ठरताना हलवतात.
मग तिच्या बरगडीवर बोट ठेवलं.
"इथं एक आहे. शिंगरू असताना तारेत अडकली होती.
केस पांढरे उगवले.
आता दिसत नाही, करड्यात मिसळतं. नाताळात दिसेल."

मी वाकून पाहिलं, डोळे बारीक करून.
काहीच नव्हतं. हाताला मात्र लागलं,
दोऱ्याची गाठ लागावी एवढं.

जे दिसतं तेच काढायचं, हाही नियम आहे.

मी लाल रेघ ओढली.
त्याने कागद मागितला, हातभर लांब धरला,
चष्मा घरात राहिला होता.
"सरळ झाली," म्हणाला. "ती जरा वाकडी आहे.
शेपटीकडे वळते."

मी नवा फॉर्म काढला.