बाजूचा उजेड

डॉक्टर एचेवेरीबाईंनी खोलीतले दिवे मालवले
आणि एकच दिवा माझ्या डाव्या कानाशी आणला.
मला हसू आलं. म्हटलं, बाई, हे तर माझं काम.
तेवीस वर्षं मी मोंतेविदेओच्या एका जुन्या थिएटरात
नाटकांना उजेड देतोय.
समोरून दिवा मारला की चेहरा कसा सपाट, गुळगुळीत,
खून करून आलेला माणूसही तान्ह्या बाळासारखा.
बाजूने मारला
की एकेक खळगा आपापली सावली मागून घेतो.

त्या आरसा धरून, बोट न लावता दाखवत गेल्या.
हे बारीक, खोल, टाचणीने टोचल्यासारखे.
यांच्या तळाला काडीच्या टोकाने आम्लाचा थेंब.
पांढरं पडेल, खपली धरेल, तळ जरा वर येईल.
आणि हे गालावरचे, लाटांसारखे:
इथे कातडी आतून दोऱ्यांनी खाली ओढली गेलीय.
सुई आडवी सरकवून ते दोरे तोडायचे.
आवाज येतो हं, जाडं कापड उसवल्यासारखा,
दचकू नका.
मग बारीक सुयांनी टोचणं, महिन्याच्या अंतराने,
चारदा, कदाचित सहादा.
लेसरही आहे, पण तुमचा वर्ण सावळा,
खड्डा भरताना काळा डाग मागे राहायचा.
वर्ण आजीचा, मी म्हटलं. ती ढोल वाजवणाऱ्यांच्या गल्लीतली.
तिच्या गालावर मात्र एक वण नव्हता.

'जातील?'
'जाणार नाहीत. उथळ होतील.
निम्मे म्हणा.
ऊन टाळायचं, म्हणून जुलैत सुरू करू, थंडीत.'

मोटारसायकल विकली तर सुया बसतात.
लेसर तसाही बसत नव्हता.

खरं तर नंबर माझा नव्हताच.
नंबर हिमेनाचा, पंधरा वर्षांची, बाहेर टोपी ओढून बसलेली.
तिचं काम दहा मिनिटांत आटपलं होतं:
रात्रीचं मलम, गोळ्या, आणि काही झालं तरी फोडायचे नाहीत.
आधी आग विझवायची, बाई म्हणाल्या, राखेचं नंतर बघू.
मग माझ्याकडे वळून, तुम्ही बसा जरा.

माझ्या वेळी मलम नव्हतं असं नाही.
बाप म्हणाला, लिंबू चोळ, मीठ चोळ,
वय झालं की जातात.
वय झालं. मुरूम गेले.
जाताना पत्ता ठेवून गेले.
मग मी उजेडाचा अभ्यास केला.
कुठल्या खुर्चीत बसायचं, कुठल्या दिव्याखाली थांबायचं नाही.
लग्नाच्या फोटोतही खिडकी बघून जागा धरली.
मर्सेदेसला वाटलं, मला नदी दिसायला हवी होती.

घरी जाताना किनाऱ्याच्या लांब फरसबंदीवरून चाललो.
पाच वाजले होते, सूर्य नदीवर टेकायला आलेला,
नदी कसली, पलीकडचा काठच दिसत नाही.
उजेड आडवा, स्वस्त, कुणी न मागता दिलेला.
हिमेना बोलता बोलता थांबली,
दोन पावलं मागे गेली, माझ्या दुसऱ्या बाजूला आली
आणि मान अशी फिरवली
की सूर्य थेट समोर, तोंडावर सपाट.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.
शप्पथ, एक शब्द नाही.

मी जागा बदलली नाही.
डोळ्याच्या कडेला माझा पाय लगेच सरकायला निघाला होता,
त्याला तिथेच धरून ठेवला.
गाल उन्हात राहू दिला, सगळ्या सावल्यांसकट.
तिने पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
'त्या सुईने दुखेल तुला?'
म्हटलं, माहीत नाही.
आवाज येतो म्हणे.