दहा वाजून आठ मिनिटं

सालोच्या कारखान्यात मी खोटे फोन करायचे.
खोटे म्हणजे फसवे नव्हेत,
अजून न झालेले.
इल्पो कागदावर काढायचा,
मी ते हातात धरण्याजोगे करायचे:
आधी फोमचा ठोकळा, मग अॅक्रिलिक, मग पॉलिश पेपर,
चारशे, आठशे, दोन हजार नंबरचा,
ओल्या बोटांनी, कड नाहीशी होईपर्यंत.

एक बर्चच्या सालीसारखा गुंडाळला जाणार होता.
एक मनगटावर चढून बसणार, लाडावलेल्या मांजरासारखा.
एकाला बटणंच नव्हती, फुंकर घातली की उजळेल म्हणे.
एक तर अंगठीएवढा,
घरातलं दूध संपलं तर आधी त्याला कळणार,
मग आपल्याला.
सगळ्यांची बारशी झाली.
जन्म कुणाचाच नाही.

आतून पोकळ असायचे.
पण पोकळ वस्तू हातात आली
की मोठ्या साहेबांचे चेहरे पडतात,
म्हणून पोटात शिशाचा तुकडा बसवायचा,
काटा त्र्याण्णव ग्रॅमवर थांबेपर्यंत.
"माणूस वजनावर विश्वास ठेवतो," इल्पो म्हणायचा.
स्वतः काडीसारखा,
पार्किंगमधल्या वाऱ्याने तिरका होणारा.

पडदा म्हणजे छापलेली फिल्म.
वेळ कायम दहा वाजून आठ मिनिटं,
रेंज पूर्ण, बॅटरी पूर्ण,
ऊन, बावीस अंश,
आणि कुणा आनाचा निरोप: निघाले.
एकदा मी कोपऱ्यात एक मिस्ड कॉल टाकला,
जरा खरं वाटावं म्हणून.
इल्पोने चष्मा कपाळावर सरकवला.
"भविष्यात कुणाचं काही हुकत नाही. काढ तो."
काढला.
तारीख मात्र माझ्यावर सोडली,
"पंधरा वर्षांनंतरची टाक, कुठलीही."
चौदा नोव्हेंबर दोन हजार एकोणीस.
तीच का, आठवत नाही.
आकडे जागेत नीट बसले असतील.

कारखाना बंद झाला तेव्हा
लोकांनी कुंड्या नेल्या, खुर्च्या नेल्या,
कॉफीचं मशीन दोघांनी उचलून नेलं.
मी हा एक आणला, लोकरीच्या मोज्यात घालून.

आणि मग ती तारीख खरोखरच आली.
गुरुवार होता.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बटाट्यांशेजारी त्याला मांडलं.
बाहेर पाऊस की बर्फ, आभाळाचं ठरत नव्हतं,
उस्केला नदी गढूळ, काठावर एक सायकल आडवी पडलेली.
दोन अंश.
दहा वाजून सात.
माझं मलाच हसू येत होतं,
पण सोलणी खाली ठेवली होती.

दहा वाजून आठ.

एक अख्खं मिनिट तो बरोबर होता.
तास, मिनिट, दिवस, साल,
जगातल्या कुठल्याही चालत्या फोनइतका बरोबर.
उन्हाचं तेवढं चुकलं होतं,
आणि आना
पंधरा वर्षांपूर्वी निघालेली,
ती कुठवर आली होती कुणास ठाऊक.

दहा वाजून नऊला तो जुना झाला.

माझा खरा फोन कोटाच्या खिशात होता.
त्यावर मिस्ड कॉल.
दातांच्या दवाखान्याचा.

दुपारी शेजारची पिह्ला आली, सात वर्षांची,
आल्याआल्या तिने तो उचलला,
अंगठा फिरवला, दोनदा, मग बोट, मग नाक.
"मेलाय?"
"नाही गं. जन्मलाच नाही."
तिने मान हलवली, हे तिला पटण्यासारखंच होतं.
मी तिला दूध-बिस्कीट दिलं.
बिस्कीट तिने डाव्या हाताने खाल्लं,
उजव्यात तो होता.
"पण जड आहे हां," ती म्हणाली.

इल्पोला हे कळवायला हवं होतं.
त्याचा नंबर माझ्याकडे आहे,
जुना,
लागतो की नाही पाहिलेलं नाही.